गळके तळे: ठिगळ की नवे अस्तर?

(धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.)

शिळफाटा म्हटले की बहुतेकांना मुंब्रा-कल्याणकडचा शिळफाटा आठवतो. आजच्या धाग्यातला शिळफाटा तो नव्हे. हा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, खालापूर तालुक्यातला. माझे आजोळ याच बाजूला. माझे मामा इथल्या एका फार्महाउसची देखभाल करतात. मालक मुंबईत राहतात, शनिवार-रविवारी पाहुणे येतात, आणि ते येतात मुख्यतः आवारातल्या पोहण्याच्या तलावासाठी.

एप्रिलच्या अखेरीस मामांचा फोन आला. तलावाचे पाणी रोज इंचभर उतरत होते. तलाव चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. एवढ्या तलावातले एक इंच पाणी म्हणजे सुमारे १,९०० लिटर. पाच दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर जमिनीत किंवा हवेत नाहीसा होत होता. टँकर फाटकातून आत येताना पलीकडच्या वाडीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन रस्त्याकडेला उभ्या असतात, हे मामांना अधिक सलत होते. पावसाळ्यात इथे आभाळ फाटते, पण कर्जत-खालापूरच्या अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी वणवण करावी लागते.

हा तलाव टाइल्सचा नाही. भिंतींवर आणि तळावर प्लास्टिकचे एकसंध अस्तर आहे, ज्याला त्या धंद्यात ‘लायनर’ म्हणतात. दुरुस्तीवाला आला, काठावर उभा राहून त्याने विचारले, “किती वर्षं झाली?” मामा म्हणाले, नऊ. “मग संपलंच. सगळं बदलावं लागेल.” ही पाहणी पाच मिनिटांत आटोपली. मालकांनी मामांना पंधरा दिवसांची मुदत दिली: ठिगळ लावून भागते की नवे अस्तर घालायचे, ते कळवा. मे महिन्यात तलाव बंद म्हणजे बुकिंग बंद, आणि बुकिंग बंद झाले की मामांच्या पगाराचीही चर्चा सुरू होते.

“तू इतिहास शिकतेस, तुला यातलं काय कळणार म्हणा,” असे मामाच म्हणाले आणि हसले. तरीही त्यांनी विचारले होते. मला तलावांच्या अस्तरातले खरोखरच काही कळत नव्हते. पण गळणाऱ्या पाणीसाठ्याचे काय करायचे हा प्रश्न आपल्याकडे अनेक शतके विचारला गेला आहे, आणि त्याची उत्तरे कागदांत आणि दगडांत नोंदलेली आहेत. म्हणून हा धागा.

सुरुवात खोपोलीतूनच करू. गावात वीरेश्वराचे मंदिर आणि त्यालगतचे तळे आहे. दोन्ही नाना फडणवीसांनी (१७४२–१८००) बांधविलेली. जागेची निवड व्यवहारी होती. बोरघाटाच्या पायथ्याशी माणसे आणि जनावरे दोन्ही थांबत, कारण पुढे चढ होता. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. इंग्रजी कागदांत हे गाव ‘कॅम्पूली’ म्हणून भेटते. १८६३ साली घाटातून लोहमार्ग सुरू होईपर्यंत पुण्याला जाणारे प्रवासी येथे उतरून पालखीने किंवा अन्य वाहनाने खंडाळा गाठत. या सर्व काळात पायथ्याचे तळे हे थांब्याचे तळे होते, त्याला फाटक नव्हते.

घाटपायथ्याला खोदलेले तळे आणि फार्महाउसचा तलाव यांत एक मूलभूत भेद आहे. खोदलेल्या तळ्याला पावसाळ्यात खालूनही पाणी मिळते. भोवतालच्या जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते, तळ्याच्या तळाशी आणि बाजूंना झिरपा लागतो, आणि उन्हाळ्यात तेच पाणी त्याच वाटेने उतरते. अशा तळ्याला ‘गळते’ म्हणणे म्हणजे विहिरीला गळकी म्हणण्यासारखे आहे. गळती हा दोष होतो तो पाणी भोवतालच्या जमिनीपासून तोडून साठवायचे असते तेव्हा. डोंगरमाथ्यावर हे करावेच लागते, कारण तिथे खालून काही मिळत नाही. म्हणून गळतीचा खरा इतिहास पाहायचा तर गडावर जायला हवे.

गडावर दोन प्रकारचे साठे दिसतात. एक, अखंड कातळात खोदलेली टाकी. तिथे खडक हेच अस्तर असते. दुसरा, उताराच्या बाजूला दगडी भिंत घालून अडवलेला तलाव. या दुसऱ्या प्रकारात पाणी भिंतीने धरलेले असते, आणि ती भिंत चुन्याने धरलेली असते.

चुन्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. कळीचा चुना विरवून, वाळू किंवा विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळून तो घाणीत मळत. दगडी चाकोरीतून बैल जड चाक फिरवीत. अशा घाण्यांचे अवशेष अनेक गडांवर आणि जुन्या वाड्यांपाशी आजही सापडतात. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याची रीतही होती. हा चुना सिमेंटसारखा काही तासांत कडक होत नाही. तो महिनोन्‌महिने हवेतला कर्बवायू शोषत दगडासारखा होत जातो. त्याचा एक गुण विलक्षण आहे. बारीक भेगेतून पाणी पाझरू लागले, तर ते पाणी वाटेतला थोडा चुना विरघळवून नेते आणि भेगेतच तो पुन्हा जमा करते. केसाएवढी भेग काही काळाने आपोआप बुजते. भेग मोठी असेल, तर मात्र उलटे होते. पाण्याबरोबर चुना वाहून जातो आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगावर पांढरे ओघळ दिसतात. जुन्या दगडी धरणांच्या पायथ्याशी उभे राहिलात तर असे ओघळ पाहायला मिळतील. ते सुंदर दिसतात, पण भिंतीच्या आतला माल बाहेर आल्याची ती खूण असते.

म्हणून चुन्याच्या बांधकामाला दरजा भरण्याचे काम ठराविक काळाने करावेच लागे. दुरुस्ती ही बांधकाम बिघडल्याची कबुली नव्हती. ती बांधकामाचाच एक भाग होती, शेतात दरवर्षी बांध घालावा तशी. ‘दुरुस्त करू की नवे करू’ हा प्रश्न अशा वस्तूपुढे फारसा उभाच राहत नसे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (अठराव्या शतकाचा आरंभ) गडांवरच्या पाण्याविषयी जे सांगितले आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले सूत्र. त्यापुढचे सूत्र कमी सांगितले जाते. गडावर एक झरा आहे, तो पुरेसा आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे आटतात. म्हणून राखीव पाण्यासाठी आणखी दोन-चार टाकी-तळी बांधून ठेवावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्चू देऊ नये. अमात्यांच्या डोळ्यांपुढे वेढा होता. पण राखीव टाके असण्याचा शांततेतला फायदाही तितकाच मोठा आहे. दुसरे टाके भरलेले असेल, तरच पहिले उपसता येते. आणि पहिले उपसता आले, तरच आत उतरून पाणी कुठून जाते ते पाहता येते.

माझ्या मते या विषयाची किल्ली इथे आहे. ठिगळ की नवे, हा प्रश्न वाटतो पैशांचा किंवा वयाचा. प्रत्यक्षात तो पहिल्यांदा असतो रिकामे करून पाहण्याचा. पाहता येत नाही म्हणून वयावरून निकाल दिले जातात.

रायगडावरचे उदाहरण घेऊ. महादरवाजातून वर आल्यावर हत्ती तलाव लागतो. पुढे गंगासागर. गंगासागरात बारमाही पाणी, आणि हत्ती तलाव मात्र पावसाळा सरला की कोरडा. कित्येक पिढ्यांनी हत्ती तलाव पाहिला तो वाळलेला. माझ्या शाळेच्या सहलीच्या छायाचित्रात आम्ही पस्तीस मुले तलावाच्या तळाशी रांगेत उभे आहोत, आणि तेव्हा कोणालाही, मलाही, असे वाटले नव्हते की आपण जिथे उभे आहोत तिथे पाणी असायला हवे. भग्नावस्था ही आपण गडांची नैसर्गिक अवस्था मानून बसलो आहोत. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यानंतर गड पडला आणि त्यानंतर कोणी दरजा भरायला उरले नाही. दुरुस्ती थांबली की चुन्याचे बांधकाम हळूहळू पाणी सोडते.

संभाजीराजे छत्रपती यांच्या अध्यक्षतेखालील रायगड विकास प्राधिकरणाने या तलावाची गळती काढण्याचे काम हाती घेतले, आणि २०२० च्या पावसाळ्यात हत्ती तलाव भरलेला दिसला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे गडावर जाणे शक्य नव्हते. ती छायाचित्रे आम्ही सर्वांनी मोबाइलवरच पाहिली. गड संरक्षित स्मारक असल्याने तिथे सिमेंटचा लगदा ओतून मोकळे होता येत नाही. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या कामाची शिस्त जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या जतन-नियमावलीपर्यंत मागे जाते. पहिले कर्तव्य नूतनीकरणाचे नसून जतनाचे आहे, हा तिचा गाभा. तिथे ‘नवा तलाव बांधू’ हा पर्याय मुळातच नव्हता. मग उरते ती एकच वाट: पाणी कुठून जाते ते शोधणे. आणि तलाव दरवर्षी स्वतःच रिकामा होत असल्याने शोधण्याची सवड निसर्गानेच दिली होती. जो दोष होता, तोच तपासणीची सोय झाला.

आता याच्या नेमके उलट उदाहरण. मुंबईच्या मलबार हिलवर, फिरोजशाह मेहता उद्यानाच्या (म्हणजे ‘हँगिंग गार्डन’च्या) खाली एक जलाशय आहे. वर फुलझाडे आणि प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपे, खाली दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाचे पाणी. १८८० च्या दशकातले हे बांधकाम, साठवण सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर. ते जीर्ण झाले आहे, म्हणून पाडून नवे, सुमारे १९ कोटी १० लाख लिटरचे बांधावे, असा महापालिकेचा बेत होता. खर्चाचा आकडा ६९८ कोटी रुपये, आणि ३८९ झाडांवर परिणाम. २०२३ मध्ये रहिवाशांनी विरोध केला. आरंभी हा वाद ‘झाडे विरुद्ध पाणी’ असा मांडला गेला, आणि तसा मांडला की कोणत्याही बाजूने सभ्यपणे हरता येत नाही.

पण वादाला वळण लागले ते एका साध्या मागणीने: आत जाऊन पाहिले का? आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आणि स्थानिक तज्ज्ञ यांची समिती नेमली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये कप्पे रिकामे करून पाहणी झाली. त्यासाठी शहराच्या काही भागांना पाणीपुरवठा बंद किंवा कमी राहील, अशी सूचना आधी द्यावी लागली. एवढ्या मोठ्या शहरात एक टाकी काही तास रिकामी ठेवणे ही केवढी गोष्ट आहे, हे त्या सूचनेवरून कळते. २०२४ मध्ये निष्कर्ष पुढे आला तो असा की बांधणी एकंदर शाबूत आहे, पाडण्याची गरज नाही, दुरुस्तीने भागेल. पुनर्बांधणीचा बेत मागे पडला.

यातला मला सर्वांत रोचक वाटलेला भाग बातम्यांत कोपऱ्यात होता. दुरुस्ती करायची यावर मते जुळली, तरी ती करताना पाणी कुठे ठेवायचे, त्यासाठी वेगळी टाकी बांधावी लागेल की आहे त्याच कप्प्यांत आळीपाळीने भागेल, यावर तज्ज्ञांतच मतभेद झाला. म्हणजे तीनशे वर्षांनंतर मुंबई महापालिका अमात्यांच्याच प्रश्नापाशी येऊन उभी राहिली. राखीव टाके आहे का?

आणखी एक बारकावा. जलाशयाचे वय, ‘एकशे पस्तीस वर्षांचा’, हे पाडण्याच्या बाजूने दिलेले सर्वांत ठळक कारण होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वय हा पुरावा म्हणून दिला की नेहमी संशय यावा. वय हे तपासणीला जाण्याचे कारण असू शकते, तपासणीचा निष्कर्ष नव्हे. माझ्या मामांच्या दुरुस्तीवाल्याने ‘नऊ वर्षे’ म्हटले, त्यात आणि ‘एकशे पस्तीस वर्षे’ यात तर्काच्या दृष्टीने काहीच फरक नाही.

पण इथे थांबलो तर धागा ‘जुने ते सोने’ या गटात जाऊन बसेल, आणि तसे मला मुळीच म्हणायचे नाही. म्हणून दोन धरणे, थोडक्यात.

प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. चुन्यातले उंच दगडी बांधकाम. १९६९ मध्ये त्यातून धोकादायक गळती दिसली. तिथे केवळ भेगा बुजवून भागणारे नव्हते, आणि धरण पाडून नवे बांधणेही शक्य नव्हते. मग धरणाला पाठीमागून आधारभिंतींचे टेकू देऊन ते बळकट करण्यात आले. म्हणजे ठिगळही नाही आणि बदलही नाही, तिसरेच काही. ते धरण आजही पाणी देते.

दुसरे, चिपळूण तालुक्यातले तिवरे. मातीचे धरण. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या, काही दुरुस्तीही झाली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटले आणि वस्ती वाहून गेली. मातीच्या धरणातली गळती दगडी धरणातल्या गळतीसारखी नसते. दगडातून पाणी जाते तेव्हा बहुतांशी पाणीच जाते. मातीतून जाते तेव्हा ते मातीही घेऊन जाते, आणि वाट रुंद होत जाते. तिथे वरवरचे ठिगळ म्हणजे रोग झाकणे. दुरुस्तीची थोरवी गाताना तिवरे विसरून चालणार नाही. गळणाऱ्या वस्तूच्या मागे काय आहे, कातळ, चुना की माती, हे कळल्याशिवाय ‘ठिगळ पुरेल’ म्हणणेही तितकेच बेजबाबदार आहे.

आता प्लास्टिक. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोहण्याच्या तलावांना पीव्हीसीचे अस्तर घालण्याची पद्धत पसरली. स्वस्त, झटपट, गवंडी नको. आपल्याकडे याच कुळातली वस्तू सर्वदूर पोहोचली ती मात्र शेततळ्यांतून. शेतकरी तिला ‘कागद’ म्हणतात. ‘पाचशे मायक्रॉनचा कागद’ हा शब्दप्रयोग मी प्रथम ऐकला तेव्हा मला पुराभिलेखागार आठवले होते. हा कागद आणि चुना यांत मोठा फरक आहे. चुना स्वतःला थोडेफार सांधतो, कागद सांधत नाही. चुना थराथराने झिजतो, कागद एक तर अखंड असतो किंवा भोकाचा. म्हणूनच कदाचित प्लास्टिकच्या काळात आपली विचारपद्धतीही ‘आहे किंवा संपले’ अशी होत गेली असावी. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

तरीही कागदालाही ठिगळ लागते. त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा, कडा गोल कापलेला, योग्य चिकटद्रव्याने लावला तर तो पाण्याखालीदेखील धरतो. एकच भोक असेल आणि भोवतालचे अस्तर अजून लवचीक असेल, तर ठिगळ वर्षानुवर्षे टिकते. अस्तर कडक झाले असेल, बोटाने ओढल्यावर ताणत नसेल, जोड उसवत असतील, एक भोक बुजवले की शेजारी दुसरे उघडत असेल, तर मात्र ठिगळ लावणे म्हणजे विरलेल्या धोतराला दंड घालणे. तेव्हा बदलणेच शहाणपणाचे.

मामांना मी हे सर्व सांगितले नाही. “आत पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नका,” एवढेच म्हटले. त्यावर त्यांनी जे सांगितले ते मला कुठल्याही ग्रंथात सापडले नसते. असा तलाव उपसता येत नाही. उन्हाळ्यात उपसला तर उघडे पडलेले प्लास्टिक उन्हाने आक्रसते आणि पुन्हा भरताना फाटते. पावसाळ्यात उपसला तर त्याहून वाईट: जमिनीतले पाणी खालून दाब देते आणि अस्तर तळापासून फुग्यासारखे उचलले जाते. खोपोलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन हात खणले की पाणी लागते. नानांच्या तळ्याला खालून भरणारे हेच पाणी, त्यापासून तोडून बांधलेल्या या तलावाचे शत्रू आहे.

मग उपसल्याशिवाय पाहायचे कसे? इथे मामांनी जे केले, त्याला माझ्या विषयात साधनचिकित्सा म्हणतात. त्यांनी एक बादली पाण्याने भरून तलावाच्या पायरीवर अशी ठेवली की आतली आणि बाहेरची पातळी एकच. दोन्हींवर ऊन तेच, वारा तोच. बादलीतले पाणी उतरेल ते केवळ वाफेने. चोवीस तासांनी बादली दोन सूत उतरली होती, तलाव आठ सूत, म्हणजे पुरता इंच. (आठ सूत म्हणजे एक इंच, हे सुतारकामाचे माप आजच्या वाचकांसाठी.) म्हणजे दोन सूत उन्हाचे, सहा सूत गळतीचे. रोजचे सुमारे १,४०० लिटर. आम्ही सगळे इंचभर पाणी गळते आहे असे धरून चाललो होतो. त्यातला चौथा हिस्सा गळत नव्हताच.

मग पंप बंद ठेवून पुन्हा चोवीस तास. उतार तेवढाच. म्हणजे दोष पंपाच्या दाबाखालच्या नळांत असण्याची शक्यता कमी.

मग सर्वांत धीराचे काम. पाणी भरणे थांबवले आणि तलावाला गळू दिले. टँकर बंद. पाहुणे येत राहिले. कमी पाण्यात लहान मुले अधिकच खूश असतात. मामा रोज सकाळी भिंतीवर खडूने रेघ मारीत आणि मला तिचे छायाचित्र पाठवीत. पहिले काही दिवस रेघा सारख्या अंतरावर. मग अंतर कमी होत गेले. अकराव्या दिवशी पातळी एका जागी आली आणि त्यानंतर तलाव बादलीएवढाच, दोन सूतच उतरू लागला. ती जागा होती भिंतीतल्या इनलेटच्या कड्याची, जिथून गाळलेले पाणी परत तलावात येते. पाण्याने स्वतःच आपली वाट दाखवली होती.

तलाव पुन्हा भरल्यावर मामांनी पंप बंद करून, पाणी स्तब्ध झाल्यावर, जिलबीच्या रंगाचे थोडे पाणी पिचकारीने इनलेटपाशी सोडले. केशरी रेघ सरळ कड्याच्या मागे ओढली गेली.

अस्तर फाटलेले नव्हतेच. कड्यामागची रबरी गॅस्केट कुजली होती. ती बदलली. पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात अस्तर खाचेतून वीतभर निघाले होते. ते गरम पाण्याने मऊ करून पुन्हा बसवले. तिथे मात्र प्लास्टिक खरोखरच कडक झाले आहे, बोटाने ओढले तर ताणत नाही, आणि मामांनी ते मालकांना जसे आहे तसे सांगितले. दिवाळीनंतर, जमिनीतले पाणी उतरले आणि ऊन सौम्य झाले की, त्या कोपऱ्याकडे पुन्हा पाहायचे आणि तेव्हा नव्या अस्तराचा निर्णय करायचा, असे ठरले आहे. मालकांना हे पटले की केवळ खर्च पुढे गेल्याचा आनंद झाला, ते मला सांगता येणार नाही.

वाडीच्या बायकांचे हंडे अजून रस्त्याकडेला असतातच. वाचलेला टँकर त्यांच्याकडे गेलेला नाही, तो कोणीच मागवला नाही एवढेच.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली मामांची शेवटची नोंद अशी: बादली दोन सूत, तलाव अडीच सूत. हे अर्धे सूत कुठे जाते, ते त्या कोपऱ्यातून की आणखी कुठून, हे पाहायला ते पुन्हा बादली ठेवणार होते. पण दुसऱ्याच दिवशी पाऊस आला, बादली वरून भरू लागली, आणि मोजणी थांबवावी लागली.